तेरच्या मातीतून उचललेले परत करावे : सहलीला येणाऱ्यांस आणि सहली काढणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
तेर (जि. धाराशिव) येथे 'वारसा सहली'ला येणारे पाहुणे, अशा सहली काढणारे आयोजक आणि जुन्या वस्तू जमवण्याची हौस असणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तेरचा रहिवासी आहे. नोकरीची सारी वर्षे शाळेत शिकवण्यात गेली आणि आता वडिलोपार्जित तीन एकर कोरडवाहू शेत पाहतो. हे शेत गावच्या जुन्या पांढरीला लागून आहे, म्हणजे ज्या उंचवट्याच्या पोटात सातवाहनांच्या काळची वस्ती आहे त्याच्या उतरणीवर. त्यामुळे नांगराच्या फाळाला ढेकळांबरोबर खापऱ्या, मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे लागणे याचे आमच्या घरात कुणाला फारसे अप्रूप राहिलेले नाही. आपल्याला मात्र ते आहे आणि त्यासाठी आपण लांबून येता, याचा मला आनंदच वाटतो. आपण येऊ नये असे सांगण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. पण गेल्या वेळ अमावस्येला जे घडले ते मनात ठेवून गप्प बसणे मला जमले नाही, आणि ज्यांना उद्देशून बोलायचे त्यांचे नाव-गाव ठाऊक नसल्यामुळे हे पत्र चारचौघांत वाचले जावे असे लिहीत आहे.

ज्यांना वेळ अमावस्या माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या काही भागात मार्गशीर्षाच्या अमावस्येला हा सण होतो. बोलीत आम्ही त्याला येळवस म्हणतो. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शेते माणसांनी भरतात. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच पांडवांचे पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, घरची बाई आंबिलाचे मडके डोक्यावरून आणते, पूजा झाली की 'ओलगे ओलगे सालम पलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडले जाते आणि मग भज्जी, उंडे, खीर असे जेवण होते. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवण्याची रीत आहे. कुणी नको म्हटले तर आम्हाला वाईट वाटते.

त्या दिवशी दुपारी पाणंदीच्या तोंडाशी सहलीची बस थांबली. उतरलेल्यांपैकी दहा-बारा जण फिरत फिरत आमच्या शेतात आले. ज्वारी पोटऱ्यात होती, हरभऱ्याला घाटे धरू लागले होते, आणि आमची पंगत नुकतीच बसत होती. आम्ही त्यांना बसवले, जेवू घातले, मंडळी आनंदाने जेवली. बोलता बोलता माझ्या पत्नीने कोपीतल्या पाच दगडांशेजारी ठेवलेले बाईचे लहानसे मुंडके त्यांना दाखवले. अंगठ्याएवढे, केओलिन म्हणतात त्या पांढऱ्या मातीचे, दोन साच्यांतून काढून जोडलेले, केसांची रचना अजून स्पष्ट दिसणारे असे ते होते. रब्बीच्या पेरणीआधी पाळी घालताना ते वर आले होते आणि तिने ते धुऊन देवाजवळ ठेवले होते. पाहुण्यांनी ते हातोहात पाहिले, फोटो काढले. मंडळी गेली. संध्याकाळी कोप आवरताना पाच दगड होते, मुंडके नव्हते.

आम्ही सारा बांध धुंडाळला. मुलांनी कुठे टाकले असेल, कुत्र्याने नेले असेल, अशा सगळ्या शंका घेऊन झाल्या, कारण आपल्या हातचे जेवून गेलेल्या माणसावर संशय घ्यायला मन धजत नाही. पुढे महिन्याभराने माझ्या पुतण्याने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीच्या तुकड्यावर, तेच मुंडके. डाव्या कानाजवळचा टवका आणि फाळ घासून पडलेली ओरखड मी ओळखतो. खाली लिहिले होते की तेरच्या एका शेतात फिरताना हे 'सापडले'. त्या मजकुराला शेकडो लोकांनी पसंती दिली होती. दोन दिवसांनी ते छायाचित्र तिथून काढून टाकलेले दिसले, म्हणजे काढणाऱ्याला आपण काय केले हे कळलेले असावे.

त्या तरुणाचे नाव शोधण्याचा मी प्रयत्न केला नाही आणि करणारही नाही. माझे म्हणणे त्या एकट्यापुरते नाही, कारण त्यानंतर गावात चौकशी केली तेव्हा जवळजवळ प्रत्येक घराकडे अशी एखादी हकिकत निघाली. कुणाच्या लहान मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून मण्यांची मूठ नेलेली, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीतली जुनी वीट मागून नेलेली, तर कुणाकडून शिशाचे नाणे 'दाखवून परत देतो' म्हणून नेलेले. रक्कम किंवा वस्तू किती मोठी होती याला माझ्या दृष्टीने महत्त्व नाही. या उचलण्याला आपण चोरी समजत नाही, हे मला अधिक बोचते. रानात पडलेले बोर उचलावे तितक्या सहजपणे ते होते.

म्हणून ही वस्तू इथेच का राहायला हवी, ते सविस्तर मांडतो.

आपल्या सहलींच्या जाहिरातीत तेरचे वर्णन बहुधा 'हरवलेले प्राचीन नगर' असे असते. तेर कधीच हरवले नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवहीत भडोचच्या बंदराचे वर्णन आहे. तिथून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आमचे तेर, असे तो लिहितो, आणि तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येते असेही सांगतो. टॉलेमी या प्राचीन भूगोलकारानेही तगरचा उल्लेख केला आहे. पुढे ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे कोकणात आणि पंचगंगेकाठी राज्य करीत असतानाही आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते; ज्या गावावर राज्य उरले नव्हते त्याचे नाव ते मोठेपणासाठी मिरवत होते. त्यानंतर तेर गोरोबाकाकांचे गाव झाले आणि आजही आमच्या गावाची पहिली ओळख तीच आहे. तगर म्हणजेच तेर हे जुन्या शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ च्या सुमारास विद्वानांपुढे मांडले आणि तेव्हापासून पुस्तकातल्या लोकांना आमचे गाव सापडले. पण सापडण्याआधीही तेरणेच्या काठावर माणसे राहत होती, मडकी घडवत होती आणि ज्वारी पेरत होती. दोन हजार वर्षांची वस्ती असलेल्या गावाला 'हरवलेले' म्हटले की तिथली वस्तू बेवारशी वाटू लागते आणि उचलताना हात अडखळत नाही. शब्दाचा दोष किरकोळ वाटेल, पण शिक्षक असल्यामुळे मला तो तसा वाटत नाही.

दुसरे असे की मातीच्या वस्तूची किंमत ती कुठे सापडली यात असते. १९५८ साली पुरातत्त्वज्ञ चापेकर यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झाले आणि पुढेही काही वेळा झाले. उत्खनन करणारे लोक एकेक थर खरवडून उतरतात. कोणती खापरी कोणत्या थरात, कोणत्या नाण्याशेजारी आणि जळलेल्या धान्याच्या किती वर मिळाली, याची नोंद ठेवतात. त्या नोंदीवरूनच तेरचा समुद्रापलीकडच्या देशांशी व्यापार होता हे कळते. तेरला हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली आहे आणि तिच्याच घराण्यातली म्हणावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात मिळाली. या दोन्ही मूर्ती कुणी गुपचूप कपाटात नेऊन ठेवल्या असत्या तर इतकी लांबची दोन गावे एका व्यापारात होती हे त्यांच्यावरून कुणालाच कळले नसते. निळ्या मखमलीवर ठेवलेले आमचे मुंडके आता फक्त शोभेची वस्तू आहे. ते शेताच्या कोणत्या कोपऱ्यात, किती खोल, कशासोबत निघाले हे मी आणि माझा पुतण्या सोडून कुणी सांगू शकणार नाही, आणि आम्हाला विचारायला कुणी आलेले नाही.

तिसरे, गोळा करण्याची रीत आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर हेच काम केले. शेतकऱ्यांना, गुराख्यांना, पावसाळ्यानंतर घळीतून फिरणाऱ्या पोरांना जे मिळे ते त्यांनी मागून, समजावून जमा केले आणि तो सारा संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला. त्यांच्या नावाचे संग्रहालय गावातच आहे. वस्तू उचलणारे तेही होते आणि आपणही आहात. फरक इतकाच की त्यांनी उचललेले आजही तेरमध्ये आहे आणि माझ्या नातवाला पायी जाऊन पाहता येते.

कायद्याविषयीही बोलतो, कारण पुष्कळांना तो ठाऊक नसतो. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवली पाहिजे, असे १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी आणि कलावस्तू यांना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. यात एक अडचणीची बाब आहे आणि ती मी लपवत नाही. पहिला कायदा मलाही लागू होतो. ते मुंडके मिळाले त्या आठवड्यात मी ते संग्रहालयात किंवा तहसिलात नेऊन द्यायला हवे होते. पेरणीची घाई होती, मग पाऊस आला, मग पत्नी म्हणाली की येळवस होऊ द्या, देवाजवळ राहू द्या. ही सारी कारणे खरी असली तरी ती कारणेच आहेत. माझ्याकडून चूक झाली आणि ती झाली नसती तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

चूक आमच्या आधीच्या पिढीकडूनही झाली आहे. पांढरीची माती खताला चांगली म्हणून माझ्या वडिलांनी गाड्यांनी ती शेतात आणून टाकलेली मी लहानपणी पाहिली आहे. माळवदावर घालायलाही तीच माती लागे. जुन्या भाजक्या विटा घरांच्या जोत्यांत गेल्या. त्या मातीबरोबर काय काय गेले असेल याचा विचार केला की अजून अस्वस्थ होते. पण पोट भरण्यासाठी आणि डोक्यावर छप्पर घालण्यासाठी, तिचे मोल ठाऊक नसताना माती उपसणे वेगळे आणि सारे वाचून-ऐकून, मार्गदर्शक सोबत घेऊन येणे आणि खिशात घालून नेणे वेगळे. या दोहोंना एकाच मापाने मोजू नये अशी माझी विनंती आहे.

आता बाकीच्या तक्रारी. त्या इतक्या गंभीर नाहीत, पण दर शनिवार-रविवारी त्यांची आठवण होते.

सापडलेल्या वस्तूचे छायाचित्र टाकताना शेताची जागा नकाशावर खुणेसह जाहीर केली जाते. अशी खूण पडली की पुढे कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही. धातू शोधणारे यंत्र घेऊन रात्री फिरणारी माणसे गावकऱ्यांनी दोनदा हटकली आहेत. त्यांना बोलावण्याचा आपला हेतू नसेल, पण ज्याच्या शेतात सकाळी गुडघाभर खड्डे दिसतात त्याला आपल्या हेतूचा उपयोग नाही.

शेतातून चालण्याविषयी. आमची जमीन काळी आणि भारी आहे. पाऊस पडून गेल्यावर पाणंदीतून एक बस गेली की चाकोऱ्या वीतभर खोल पडतात, त्या सुकून दगडासारख्या होतात आणि मग महिनाभर बैलगाडी तिरपी चालते. भाद्रपद-आश्विनात सोयाबीन वाळलेले असते. त्यातून नुसते चालले तरी शेंगा तडकून दाणे मातीत जातात. आपल्याला ते वाळलेले गवत वाटते, आणि त्यात उभे राहून फोटो छान येतो हे मलाही मान्य आहे. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष तेवढ्या दाण्यांवर असते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला नेले ते आमच्याच जिल्ह्यातून गेले. इथल्या शेतात जे उगवते ते कोणत्या परिस्थितीत उगवते याची त्यावरून कल्पना यावी.

देवळांविषयी. त्रिविक्रमाचे देऊळ आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीत असते आणि असायलाही हवे. मागच्या बाजूने गोल, वर हत्तीच्या पाठीसारखे गजपृष्ठाकार छप्पर, सारे विटांचे; चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, घडणीचे असे बांधलेले देऊळ देशात फार थोड्या ठिकाणी उभे आहे. पण ते पूजेतले देऊळ आहे. तिथे रोज सकाळी येणारी म्हातारी माणसे त्याला वास्तुप्रकार म्हणून ओळखत नाहीत. विटा नखाने खरवडून 'किती मऊ आहेत पाहा' असे दाखवणारे एक मार्गदर्शक मी स्वतः पाहिले आहेत. त्यांना मी नम्रपणे थांबवले, तेव्हा त्यांनी मला देऊळ किती जुने आहे ते सांगितले. गोरोबाकाकांच्या समाधीपाशीही असेच होते. कीर्तन चालू असताना मध्ये उभे राहून मोठ्याने माहिती देऊ नये. संपेपर्यंत थांबावे, किंवा बसून ऐकावे.

बायकांचे फोटो. खुरपणी करणाऱ्या, डोक्यावर ओझे घेऊन निघालेल्या, नदीवर धुणे धुणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढले जातात आणि कुठे कुठे प्रसिद्ध होतात. माझ्या वहिनीचा असा एक फोटो नातेवाइकांच्या लग्नात कुणीतरी तिला मोबाइलवर दाखवला. तिच्या अंगावर कामाचे फाटके पातळ होते. त्यानंतर ती त्या बाजूच्या शेतात जायला तयार नसते. याहून अधिक लिहीत नाही.

प्लास्टिकच्या बाटल्या आणि जेवणाची पाकिटे बांधावर राहतात, जनावरे ती खातात. हे सांगायला लागावे याचीच लाज वाटते.

आणि घाई. तुळजापूर, नळदुर्ग आणि तेर एका दिवसात दाखवण्याची नवी पद्धत पडली आहे. भवानीच्या दर्शनाची रांग आणि नळदुर्गाचा पाणीमहाल यातून उरलेला दीड तास तेरच्या वाट्याला येतो. दीड तासात माणसाला संग्रहालय नीट पाहून होत नाही, मग काही तरी मिळवल्याशिवाय परत कसे जायचे म्हणून शेतात शिरायची ओढ लागते, असा माझा समज झाला आहे. जेवणाचे डबे बाहेरूनच येतात, पाण्याच्या बाटल्याही. गावात इतकी माणसे येऊन जातात, पण चहाच्या टपरीपलीकडे कुणाच्या हाती चार पैसे पडत नाहीत. हुरड्याच्या दिवसांत मात्र फोन येतात की इतक्या जणांसाठी हुरडा, ताक आणि गुळाची सोय करा, दर सांगा. हुरडा विकण्याची आमच्याकडे पूर्वी रीत नव्हती. आगटीभोवती जो बसेल त्याने खावा. आता विकतो. त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही, उलट तसेच इतर गोष्टींतही व्हावे असे वाटते.

शासनाकडेही आमची गाऱ्हाणी आहेत. रस्ता, माहितीचे फलक, स्वच्छतागृह आणि पांढरीभोवती राखण या चार गोष्टींसाठी आम्ही अर्ज केलेले आहेत आणि करीत राहू. तो विषय वेगळा आहे. शासनाने राखण ठेवली नाही म्हणून उचलण्याची मुभा मिळते, असा युक्तिवाद मात्र कुणी करू नये.

तेव्हा आपल्याकडे माझ्या आणि माझ्यासारख्या इतर शेतकऱ्यांच्या वतीने या मागण्या आहेत.

तेरच्या शेतातून, नदीपात्रातून किंवा पांढरीवरून आजवर नेलेली कोणतीही वस्तू, मग तो एक मणी का असेना, गावच्या संग्रहालयात किंवा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे आणून द्यावी. ती कुठल्या बाजूला मिळाली हे आठवत असेल तर एका कागदावर लिहून सोबत द्यावे. ज्यांना समोर यायला संकोच वाटतो त्यांनी गावातल्या कुणाही शेतकऱ्याकडे द्यावी. आम्ही ती पोहोचती करू आणि नाव विचारणार नाही.

आयोजकांनी प्रवासाच्या सुरुवातीलाच, बस सुटण्यापूर्वी, सर्वांना सांगावे की जमिनीवरची कोणतीही वस्तू उचलायची नाही. वाटले तर जागेवरच पाहायची आणि शेतमालकाला दाखवायची. परतताना कुणाच्या पिशवीत काही गेले असेल तर त्याची जबाबदारी आयोजकाने घ्यावी. ज्या सहलीत धातूशोधक यंत्र असेल तिला गावात येऊ देणार नाही, हे आम्ही ठरवले आहे.

शेतात पाय टाकण्यापूर्वी मालकाला विचारावे. तो जवळ नसेल तर बांधावरून पाहावे. पाऊस होऊन जमीन ओली असताना गाडी पाणंदीत घालू नये. गावापासून तिथवर चालत यायला फार वेळ लागत नाही आणि वाटेत बोलायला माणसे भेटतात.

शेताची नेमकी जागा नकाशावर किंवा छायाचित्रासोबत जाहीर करू नये. आधी टाकली असेल तर ती काढावी. माणसांचे फोटो विचारून काढावेत, आणि नाही म्हटले तर दुरूनही काढू नयेत.

तेरसाठी निदान एक पूर्ण दिवस राखावा. त्या दिवसाचे जेवण गावात घ्यावे आणि गाव दाखवायला गावातलाच माणूस घ्यावा. आमच्याकडे इतिहासाचे विद्यार्थी आहेत, संग्रहालयातल्या वस्तूंविषयी नीट बोलू शकणारी तरुण मुले आहेत आणि उत्खननावर मजुरी केलेल्या घरांतली माणसे आहेत. कोणत्या खड्ड्यात काय निघाले हे त्यांच्याकडे ऐकायला मिळेल. मी स्वतः निवृत्त आहे; शेतात काम नसेल त्या दिवशी बरोबर येईन आणि माझे मानधन काही नाही.

पुढच्या येळवसेलाही आमची कोप तिथेच असेल आणि बांधावरून जाणाऱ्याला हाक मारली जाईल. पत्नीशी याविषयी बोललो. आता कुणाला काही दाखवणार नाही असे ती आधी म्हणाली. मग म्हणाली, जेवायला मात्र बोलवा.

ज्या तरुणाकडे ते मुंडके आहे त्याला शेवटी एवढेच सांगायचे आहे की ते टपालाने किंवा कुरिअरने पाठवू नये. दोन साच्यांतून काढून जोडलेले असल्यामुळे ते आतून पोकळ आहे आणि डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत एक बारीक चीर आहे, ती छायाचित्रात दिसत नव्हती. वाटेत धक्का बसला तर दोन तुकडे होतील. कापसात गुंडाळून, डब्यात घालून, हाताने आणून द्यावे.

आपला,
पांढरीलगतचा एक शेतकरी व निवृत्त शिक्षक
तेर, जि. धाराशिव